साध्या संकेतस्थळावरून मागणी तपासताना या चुका टाळा

वस्तू किंवा सेवा तयार करण्याआधी एक साधे संकेतस्थळ उभारून लोकांना ती हवी आहे का हे पाहावे, हा सल्ला आता रूढ झाला आहे आणि तो योग्यही आहे. मात्र अशा पानावरून मिळालेल्या उत्तराची किंमत, आपण येणाऱ्याकडून काय मागितले यावर ठरते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ई-मेल पत्ता नोंदवणाऱ्याला ग्राहक समजणे. पत्ता देण्यात काही खर्च होत नाही. कुतूहलापोटी किंवा ओळखीखातरही लोक तो देतात. समाजमाध्यमांवरील मजकूर ठरलेल्या वेळी प्रसिद्ध करणाऱ्या ‘बफर’ या सेवेचे संस्थापक जोएल गॅस्कोइन यांनी 2010 मध्ये सुरुवातीला दोनच पाने ठेवली होती : एकावर सेवेची माहिती आणि दुसऱ्यावर ‘आम्ही अजून तयार नाही’ असे सांगून पत्ता देण्याची विनंती. पत्ते आले, पण पैसे मोजण्याची तयारी त्यातून कळेना, म्हणून त्यांनी मध्ये दरांचे पान घातले. त्यातही सशुल्क पर्याय निवडणारे निघाले, तेव्हा त्यांनी सेवा बांधायला घेतली. किंमत दिसली तर लोक परत जातील या भीतीने अनेक जण ती लपवतात. परंतु परत जाणाऱ्यांची संख्या हीच तर आपल्याला हवी असलेली माहिती आहे.

दुसरी चूक तुटपुंज्या आकड्यांवर विसंबण्याची. 100 जण आले आणि 5 जणांनी नोंदणी केली, तर ‘5 टक्के’ म्हणून हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात 95 टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे असे 100 अंदाज बांधले तर साधारण 95 बरोबर ठरतील, या हिशेबाने) खरे प्रमाण साधारण 2 ते 11 टक्के यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. 1000 जणांपैकी 50 असतील, तर हीच मर्यादा सुमारे 4 ते 6.5 टक्क्यांपर्यंत आवळते. उलट, 30 जणांपैकी एकानेही नोंदणी केली नाही म्हणून कल्पना टाकून देणेही घाईचे आहे, कारण खरे प्रमाण तेव्हाही 10 टक्क्यांपर्यंत असू शकते.

आलेले लोक कोण होते, हेही पाहावे. नातेवाईक, मित्र आणि स्वतःच्या भेटी मोजणीतून वगळाव्यात, आणि प्रत्येक जाहिरातीसाठी वेगळा दुवा वापरावा. चाचणी चालू असताना मथळा बदलला, तर मोजणी नव्याने सुरू करावी.

लोक येतात पण नोंदणीचे बटण दाबत नाहीत, असे दिसले तर आधी स्वतःच्या मोबाइलवर अर्ज भरून पाहावा; अर्जच बंद पडलेला असणे ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही. तो ठीक असेल, तर जाहिरातीत दिलेले आश्वासन आणि पानाचा मथळा जुळतात का ते तपासावे. लोकच येत नसतील, तर पानाची रंगरंगोटी करून उपयोग नाही, कारण अडचण पानापर्यंतच्या वाटेत आहे.

बटण दाबणाऱ्याला, सेवा अजून तयार नाही, हे लगेच आणि स्पष्ट सांगावे, आणि पैसे तर घेऊच नयेत. नोंदणी केलेल्यांशी दोन-चार दिवसांतच बोलावे. ‘तुम्ही हे विकत घ्याल का?’ असे विचारल्यास बहुतेक जण भिडेखातर होकार देतात. त्याऐवजी, आजवर ही गरज कशी भागवली आणि त्यासाठी शेवटचा खर्च कधी व किती केला, हे विचारावे.