ज्युपिटर-३ बघायला जाण्याआधीची तयारी

ज्युपिटर-३ ही ५० मिलिमीटर, १.५ अ‍ॅपर्चरची (म्हणजे प्रकाश आत घेणारं मोठं तोंड असलेली) जुनी सोव्हिएत लेन्स, रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी, म्हणजे अंतर मापून फोकस जुळवणारी यंत्रणा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी केलेली. ती विकत घ्यायला, बघायला जाताना पिशवी आदल्या रात्रीच भरून ठेवा. बारीक झोताचा टॉर्च हवाच. मोबाइलचा उजेड पसरट पडतो आणि काचेवरचा विरळ धूसरपणा त्यात दडून जातो. दहापट मोठं दाखवणारं, सोनार डोळ्याला लावतात तसलं भिंग घ्या. (ज्युपिटर-३चं मूळ जर्मन झाइस कंपनीच्या ज्या सोनार लेन्समध्ये आहे त्या सोनारचा आपल्या सोनाराशी काही संबंध नाही, पण कामाला येतं ते त्याचंच भिंग.) तीस सेंटिमीटरची पोलादी पट्टी, एक मीटरची टेप, ४०.५ मिलिमीटरचा कुठलाही साधा फिल्टर, हवा मारायचा रबरी फुगा, वही आणि पेन्सिल. लेन्स ज्या बॉडीवर वापरायची आहे ती बॉडीही सोबत घ्या. बॉडी लायका एम असेल तर आट्यांच्या माउंटचा अडॅप्टर विसरू नका. दुसऱ्याच कुणाच्या कॅमेऱ्यावर लावून बघितलेली लेन्स तुमच्याकडे कशी वागेल ते सांगता येत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

थोडी वंशावळ डोक्यात असली की खुणा पटापट जुळतात. मूळ आराखडा लुडविग बेर्टेलेचा. १९३२ साली झाइस इकॉनच्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी केलेली ५ सेंटिमीटर १:१.५ सोनार, सात काचा तीन गटांत: पुढे एकटी, मग तिघींचा चिकटवलेला गट, अ‍ॅपर्चर आणि मागे पुन्हा तिघींचा गट. युद्धानंतर यंत्रसामग्री, आराखडे आणि जर्मन काच भरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली. तिथे आधी ‘झेडके’ या नावाने थोड्या लेन्स झाल्या आणि १९५०च्या सुमाराला नाव बदलून ज्युपिटर-३ झालं. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याने ती साधारण १९५६पर्यंत बनवली, मग काम झागोर्स्ककडे गेलं आणि सत्तरीच्या मध्यापासून १९८०च्या दशकाअखेरपर्यंत वाल्दाईकडे राहिलं. तीन कारखाने, तीन काळ. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता हाताची सवय मोडायची. लेन्स हातात आली की सगळे आधी समोरची नावाची रिंग वाचतात, आणि बदलायला सगळ्यात सोपी तीच. म्हणून सुरुवात मागून करा.

मागे ३९ मिलिमीटरचे आटे असतील तर ती झोर्की, फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांची आणि जुन्या स्क्रू-माउंट लायकाची जात. आटे नसून आत तीन दाते असलेली आणि स्वतःची फोकस रिंगच नसलेली लेन्स सोव्हिएत कीएव आणि काँटॅक्स कॅमेऱ्यांची. तिचं फोकस कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेल्या यंत्रणेवर चालतं, आणि अडॅप्टरचा खर्च कधीकधी लेन्सच्या वर जातो. एक सापळा इथेच आहे. जुन्या झेनिट एसएलआरच्या, म्हणजे आरशातून बघायच्या कॅमेऱ्याच्या, लेन्सनाही ३९चेच आटे असतात, पण त्यांचं फिल्मपासूनचं अंतर ४५.२ मिलिमीटर आणि रेंजफाइंडरवाल्यांचं २८.८. झेनिटवाली लेन्स झोर्कीवर बसते झकास, फोकस मात्र कुठेच होत नाही. फरक मागच्या तोंडाशी दिसतो: रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये फोकस रिंग फिरवली की आतून धातूची एक कडा पुढेमागे सरकते. कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर त्याच कडेवर टेकतो. लायकामध्ये तिथे छोटं चाक असतं, झोर्की-फेडमध्ये जिभेसारखी पट्टी. त्या कडेवर भिंग धरून बघा. खळगा किंवा घासल्याचा चर असेल तर प्रत्येक अंतरावर रेंजफाइंडर वेगळंच खोटं बोलेल.

मागच्या आट्यांवरून नख फिरवा. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यामुळे तिरकी लावून जबरदस्तीने फिरवलेल्या लेन्सचा पहिला आटा चपटा झालेला असतो. मग फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. मधेच जड, मधेच सैल लागली तर ग्रीस सुकलंय. हे दुरुस्त होतं. अनंताच्या खुणेपाशी रिंग खुणेआधीच अडली किंवा खुणेपलीकडे गेली तर कुणीतरी हेलिकॉइड, म्हणजे फोकससाठी लेन्स पुढेमागे नेणारे आटे, उघडून चुकीच्या आट्यावर परत बसवलंय. या हेलिकॉइडला आटे सुरू होण्याच्या जागा अनेक असतात. एक घर चुकलं की सगळं अंतर चुकतं. रिंगच्या कडेला बारीक स्क्रू दिसतील. त्यांच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर लेन्स उघडली गेली आहे हे धरून चाला. उघडणं हा गुन्हा नाही. कुणी, कशासाठी आणि परत जुळवलं का, एवढं विकणाऱ्याला विचारा.

अ‍ॅपर्चरची रिंग मऊ, खटक्याविना फिरते. खटके नाहीत म्हणून बिघाड समजू नका. १.५ वर आणली की पाती पूर्ण मागे गेली पाहिजेत. एखाद्या पात्याचं टोक डोकावत असेल तर रिंगचे स्क्रू सैल होऊन ती घसरलीये. पात्यांवर तेलाची चमक दिसली तर पाती अडतील म्हणून घाबरू नका. खरी काळजी काचेची: तेच तेल उडून अ‍ॅपर्चरलगतच्या काचांवर बसतं आणि टॉर्च मारला की दुधाळ पडदा दिसतो. वेळेत पुसलं तर जातं. फार वर्षं राहिलं तर काचेवरच्या चकाकी कमी करणाऱ्या लेपात खातं, आणि पुसल्यावरही खुणा उरतात.

टॉर्चची खरी जागा ही. उजेड मागून तिरका सोडा, डोळा पुढे. या बांधणीत हवा आणि काच भेटतात असे पृष्ठभाग फक्त सहा, त्यामुळे उलट्या प्रकाशात ती वयाच्या मानाने तगडी ठरते, आणि तपासायलाही कमी जागा राहतात. चिकटवलेल्या गटांच्या कडेला इंद्रधनुषी वलय किंवा तेलाच्या थेंबासारखा डाग दिसला तर काचा सुटू लागल्यात. ते काम घरचं नाही आणि सहसा परवडणारंही नाही. अशी लेन्स खाली ठेवा. काचेच्या आत एखाद-दुसरा बुडबुडा असेल तर खुशाल दुर्लक्ष करा, त्या काळच्या काचेत तो असायचाच. पुढच्या काचेवरचे केसासारखे पुसल्याचे ओरखडे मात्र गंभीर. १९५०च्या दशकातला लेप मऊ होता, आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसावा तसा लोकांनी तो पुसला. थोडे असतील तर उलट्या उजेडात कॉन्ट्रास्ट जरा उतरेल, इतकंच.

पोलादी पट्टी आता काढा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून हातभर लांबून समोरून बघा आणि आतल्या उजळ वर्तुळाचा व्यास पट्टीवर अंदाजा. ज्युपिटर-३मध्ये तो ३५ मिलिमीटरच्या आसपास दिसला पाहिजे. २६च्या आसपास भरला तर हातात ज्युपिटर-८ आहे, म्हणजे २ अ‍ॅपर्चरची बहीण, सहा काचांची. रिंगवर काहीही लिहिलेलं असो, व्यास खोटं बोलत नाही. फिल्टरचे आटे दोघींना ४०.५चेच, म्हणून फिल्टरने ही पारख होत नाही; फिल्टर बसवून बघायचा तो फक्त पुढची कडा ठोकर लागून चेपलीये का ते कळायला.

आता कुठे आकडे. सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा सालाचे: ५३ने सुरू होणारी १९५३ची, ६७ने सुरू होणारी १९६७ची. हे साल आणि कारखान्याचं चिन्ह एकमेकांशी जुळवा. क्रास्नोगोर्स्कचं चिन्ह म्हणजे समलंब चौकोनी प्रिझम आणि त्यातून मोडत जाणारा किरण. ५३ क्रमांक आणि हे चिन्ह, ठीक. ६४ क्रमांकावर हेच चिन्ह असेल तर दोन लेन्सचे भाग एकत्र आलेत किंवा रिंग बदललीये, कारण तोवर काम झागोर्स्कला गेलेलं होतं. १९५६ हे संधिसाल, तिथे दोन्ही चिन्हं चालतात. पुढच्या रिंगवर लाल रंगात, दाराच्या चौकटीच्या आकाराचं एक रशियन अक्षर दिसेल. ती लेप दिल्याची खूण, सुरुवातीच्या काळातली. पुढे सगळ्याच लेन्सना लेप द्यायला लागल्यावर ती गळली. म्हणून लाल अक्षर नसणं हा दोष नव्हे, आणि १९८०च्या क्रमांकावर ते झळकत असेल तर रिंग परत एकदा बघा. आत, ऑप्टिकल गटाच्या कडेवर, क्रमांकाचे शेवटचे आकडे हाताने कोरलेले अनेकदा सापडतात. ते बाहेरच्या क्रमांकाशी जुळले तर तीच काच त्याच घरात आहे.

नावाची रिंग अशी शेवटी येते. तिच्यावर ‘कार्ल झाइस जेना सोनार’ असेल आणि सोबत सोनेरी मुलामा, गरुड, नौदलाची किंवा हवाई दलाची मोहर असेल, तर ती ज्युपिटरच आहे असं गृहीत धरून भावाची बोलणी करा. युद्धकाळात ३९च्या आट्यांत खऱ्या सोनार थोड्या झाल्या होत्या. तेवढ्यावर ही सगळी बनावट बाजारपेठ उभी आहे. ‘१,५’मध्ये स्वल्पविराम दिसला म्हणून रशियन ठरवू नका, जर्मनही दशांशाला स्वल्पविरामच देतात. त्यापेक्षा अक्षरांच्या तळाशी भिंग धरा. मूळ कोरीव अक्षराच्या कडा सरळ आणि खोली सारखी असते. घासून पुन्हा कोरलेल्या रिंगवर पृष्ठभाग किंचित खोलगट लागतो आणि रंग चरांबाहेर सांडलेला असतो. मागून पुढे येताना जमवलेल्या खुणा (आट्यांची घडण, स्क्रूंच्या जागा, अंतरपट्टीचं अक्षरवळण) ज्युपिटरच्या असतील तर समोरचं नाव काहीही असू द्या. एक प्रामाणिक अपवाद आहे: काँटॅक्सच्या खऱ्या सोनारचा काचगट काढून ज्युपिटरच्या आट्यांच्या घरात बसवतात. ते लपवायचं काम नव्हे, फक्त विकणाऱ्याने तसं सांगितलेलं हवं.

क्रास्नोगोर्स्कच्या पहिल्या वर्षांच्या लेन्सना भाव जास्त. हा भाव दुर्मिळतेचा आहे; नीट जुळवलेली झागोर्स्क किंवा वाल्दाई एखाद्या विस्कटलेल्या १९५१च्या लेन्सला सहज मागे टाकते. याच घराण्यातली नवी ज्युपिटर ३+ ही वेगळी चीज: २०१६ला लोमोग्राफी या कंपनीने क्रास्नोगोर्स्कच्याच कारखान्यातून करून घेतली, पितळी घराची, ०.७ मीटरपर्यंत जवळ जाणारी. जुनीची मर्यादा एक मीटर. त्यामुळे अंतरपट्टीवर ०.७ दिसलं तर ती जुनी नाहीच.

आता कॅमेरा सोबत का न्यायचा ते. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिलिमीटरच्या लेन्सला धरून बांधलेला, आणि ज्युपिटर-३ काँटॅक्सच्या मापाची, ५२.४ची. अनंताला दोघी जुळल्या तरी एक मीटरवर लेन्सने २.९० मिलिमीटर पुढे यायला हवं, आणि लायकाचा रेंजफाइंडर २.८१वरच ‘जुळलं’ म्हणून सांगतो. नऊ शतांश मिलिमीटरचा हा फरक फोकस सुमारे तीन सेंटिमीटर मागे टाकतो. १.५ वर एक मीटरला स्पष्ट दिसणारी खोली दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड सेंटिमीटर. म्हणजे डोळ्यावर जुळवलं आणि कान स्पष्ट आला. झोर्की आणि फेडवर हा प्रश्न येत नाही, आणि मिररलेसवर रेंजफाइंडरच नसल्याने विषय मिटतो.

तपासायला पट्टी टेबलावर तिरकी टेकवा, मधल्या आकड्याशी एक मीटरवर रेंजफाइंडर जुळवा, १.५ वर फोटो काढा. डिजिटल लायका असेल तर लगेच दिसेल. पाठ निघणाऱ्या झोर्की-४ किंवा फेड-२वर फिल्मच्या रुळांवर धूसर सेलोटेप ताणून, शटर ‘बी’वर (दाबून ठेवलं तोवर उघडं राहतं त्या खुणेवर) उघडं ठेवून भिंगाने बघता येतं. या सोव्हिएत बॉडींवर वेग बदलायचा तो शटर चढवल्यानंतरच, नाहीतर यंत्रणा मोडते. मग २.८ वर पुन्हा बघा: सोनार आराखड्यात अ‍ॅपर्चर लहान केलं की फोकस मागे सरकतो, हा बिघाड नव्हे. लायकावर उपाय एकच, काचगट आणि घराच्या मधली शिम, म्हणजे कागदासारखी पातळ धातूची चकती, सुमारे ०.१ मिलिमीटरने जाड करायची. जवळचं जुळतं, अनंत १.५ वर थोडं मऊ पडतं आणि ४ वर भरून निघतं. काचगट काढून परत लावताना शिम हरवली किंवा दुसऱ्या लेन्सची बसली तर वरची सगळी गणितं कोलमडतात, म्हणून दुकानात उघडून दाखवायचा आग्रह धरू नका.

लेन्स घरी आणली की मुंबई-कोकणाच्या हवेत चामड्याच्या जुन्या डब्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि जूनच्या अखेरीला काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरायला लागते. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी, दोन्ही टोकांना झाकणं, आणि आठवड्यातून एकदा थोडा वेळ उजेडात. पुडीचा रंग पालटला की ती तव्यावर मंद आचेवर तापवून कोरडी करा आणि गार झाल्यावरच परत डब्यात टाका.