एलओआरवर सही करण्याआधी नाव बदलून वाचा

डिसेंबर आला की आमच्या डिपार्टमेंटमध्ये एलओआरचा, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठी लागणाऱ्या शिफारसपत्रांचा, हंगाम सुरू होतो. कुणाला जर्मनी, कुणाला अमेरिका. वाशीत केमिस्ट्री शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. मीही सगळ्यांसारखंच सांगायचे, "तूच लिहून आण, मी बघून सही करते."

दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून लोकलने येताना दोन पत्रं चाळत होते. दोघांचा प्रोजेक्ट एकच, ऐरोलीच्या खाडीतल्या पाण्यातलं क्रोमियम. मुलाच्या पत्रात होतं, 'स्वतंत्रपणे पद्धत बसवली.' मुलीच्या पत्रात 'कष्टाळू, मनमिळाऊ, सगळ्यांना सांभाळून घेणारी.' घणसोली आलं तेव्हा आठवलं, पद्धत तर तिने बसवली होती! तो नमुने आणायचा. आणि ती विशेषणं तिची नव्हतीच. आदल्या वर्षीच्या एका मुलीचं पत्र नमुना म्हणून मीच तिला दिलं होतं.

२०१६ साली भूविज्ञानातल्या पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) अर्जांची, ५४ देशांतून आलेली १,२२४ पत्रं तपासली गेली. उत्कृष्ट म्हणावं असं पत्र मिळण्याची शक्यता स्त्रियांना पुरुषांच्या जवळपास निम्मीच निघाली. पत्र बाईने लिहिलं की पुरुषाने, यानेही फरक पडला नव्हता. म्हणजे मी बाई आहे, माझ्या हातून असं कसं होईल, ही समजूत सोडायची.

आता नमुना देणं बंद केलंय. विद्यार्थ्याला लॅब जर्नल घेऊन वीस मिनिटं समोर बसवते, काय केलं ते विचारते आणि पत्र स्वतः लिहिते. आधी काम, स्वभाव सगळ्यात शेवटी, तोही एका ओळीत. 'हुशार आणि मेहनती' याऐवजी 'खाडीच्या २४ नमुन्यांसाठी ५४० नॅनोमीटरवरचं कॅलिब्रेशन तिने नव्याने केलं.' तुलना करायचीच तर आकड्यात करा: पाच वर्षांच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांत पहिल्या तिघांत.

मग मुलीच्या नावाच्या जागी मुलाचं नाव घालून पत्र मोठ्याने वाचायचं. 'घरचं सगळं सांभाळून अभ्यास केला' हे रोहनबद्दल लिहिलं असतं का? नाही ना, मग खोडा. 'थोडं मार्गदर्शन मिळालं तर नक्की चमकेल' हेही खोडा. कौतुकाच्या वेषातली ती शंकाच आहे. 'गुणी' हा शब्द तर मी कायमचा टाकला. आपल्याकडे गुणी मुलगी म्हणजे उलट न बोलणारी, आणि संशोधनात उलट बोलावंच लागतं. शेवटी त्याच वर्षीच्या एखाद्या मुलाचं पत्र शेजारी ठेवून लांबी बघा. तिचं अर्ध्या पानात आटोपलं असेल, तर जर्नल पुन्हा उघडा.

त्या मुलीला नवं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, जरा आगाऊपणा नाही वाटणार?" मी कॅलिब्रेशनच्या वाक्यात पेनाने 'तीनदा फसल्यावर, कुणाच्याही मदतीशिवाय' एवढं वाढवलं आणि तिला प्रिंट काढून आणायला पाठवलं.