बियांचे दाखले कसे वाचावेत: एका अभ्यासगटाच्या वहीतून

पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे चार तऱ्हेच्या जमिनीवर पडलेल्या बियाची येशूने सांगितलेली बोधकथा, मी पहिल्यांदा शिकवायला घेतला तेव्हा फळ्यावर चार चौकोन काढले होते. वाट, खडकाळ, काटेरी, चांगली. मग गटातल्या प्रत्येकाला विचारलं, "सांगा, तुम्ही कुठल्या चौकोनात?" सगळे गप्प. शेवटी एका बाईंनी दुसऱ्या चौकोनाकडे बोट दाखवलं, वही मिटली, आणि पुढच्या आठवड्यापासून त्या यायच्याच बंद झाल्या. चूक माझी होती. दाखल्यात येशूने एकदाही "तू कुठली जमीन?" असं विचारलेलं नाही. "ज्याला ऐकायला कान आहेत तो ऐको" एवढंच म्हटलं आहे.

तेव्हापासून मी हे दाखले वेगळ्या रीतीने घेते. तुम्ही एकटे वाचत असा की गटात, हीच रीत चालेल.

सुरुवात मार्क 4 पासून करा, म्हणजे बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) चौथ्या अध्यायापासून. मत्तय 13 जास्त प्रसिद्ध आहे, पण मार्काच्या या एका अध्यायात बियांचे तीन दाखले येतात: पेरणारा, आपोआप वाढणारं बी आणि मोहरीचा दाणा. पहिल्या 34 ओव्या एका बैठकीत, मोठ्याने वाचा. मधे थांबून अर्थ लावू नका. पहिला दाखला एकटाच वाचला की जमिनीची, म्हणजे आपलीच, काळजी लागते. तिन्ही सलग वाचले की लक्ष बियाकडे वळतं. हा फरक केवढा मोठा आहे ते मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वाचनात फक्त शेती पाहा. अध्यात्म थोडा वेळ बाजूला. इथला शेतकरी बी फोकून पेरतो, मुठीने, चालत चालत. गालीलात पेरणी शरद ऋतूतल्या पहिल्या पावसाच्या सुमाराला होई आणि कापणी वसंतात. डोंगराळ भागात मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडीचा कातळ, त्यामुळे वरून चांगली दिसणारी जमीन आतून खडक निघू शकते. येशूसमोर तळ्याकाठी उभ्या असलेल्या लोकांना यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नसेल.

एका मुलाने मला विचारलं होतं, "पेरणारा वेडा आहे का? वाटेवर कोण बी टाकतं?" प्रश्न अगदी रास्त. काही अभ्यासक म्हणतात की तिकडे आधी पेरून मग नांगरत. पण यिर्मया 4:3 मध्ये आधी पडीत जमीन नांगरा आणि काट्यांत पेरू नका असं सांगितलं आहे, तेव्हा हा वाद मी सोडवायला जात नाही. मुठीने फोकलं की थोडं बी बांधाबाहेर जाणारच, आणि पेरणारा त्यासाठी हात आखडता घेत नाही, एवढं त्या मुलाला पटलं.

आता वही घ्या आणि तीन नुकसानी एकाखाली एक लिहा. समोर लिहा: बी कुठपर्यंत पोहोचलं? वाटेवरचं उगवलंच नाही. खडकाळीवरचं लगेच उगवलं आणि उन्हाने करपलं, कारण मूळ नव्हतं. काट्यांतलं? इथे मार्काची ओवी सावकाश वाचा. काट्यांनी त्याची वाढ खुंटवली आणि त्याला पीक आलं नाही. ते रोप मेलं असं मार्क म्हणत नाही. हिरवं, उभं, लांबून पाहिलं तर बाकीच्या शेतासारखंच, फक्त दाणा नाही. मला या तिन्हींत सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते, कारण दु:खात विश्वास सोडलेली माणसं मी थोडी पाहिली आहेत आणि कामाच्या रगाड्यात कोरडी पडलेली खूप. येशूने काट्यांचा अर्थ सांगताना कुठलंही भयंकर पाप घेतलेलं नाही: संसाराची चिंता, संपत्तीचा मोह, इतर गोष्टींचा लोभ. लूक त्यात सुखविलासही घालतो.

लूकचं नाव निघालंच आहे तर तिन्ही शुभवर्तमानं शेजारी ठेवून बघा. गटाला हा खेळ आवडतो. मार्कात पीक चढत जातं: तीसपट, साठपट, शंभरपट. मत्तयात तेच उतरत येतं. लूक फक्त शंभरपट सांगून मोकळा होतो. मार्क आणि मत्तय मूळ नव्हतं म्हणतात, लूक ओलावा नव्हता म्हणतो. आणि शेवटी चांगल्या जमिनीबद्दल एक शब्द एकटा लूकच देतो (8:15): धीराने. शंभरपट ऐकून कान टवकारणाऱ्यांनी उत्पत्ती 26:12 उघडावं. इसहाकाला त्याच वर्षी शंभरपट पीक मिळालं तिथे. तीस-साठ-शंभर या आकड्यांवर जुन्या काळी बऱ्याच कसरती झाल्या. जेरोम या जुन्या बायबल-भाष्यकाराने शंभर कुमारींना, साठ विधवांना आणि तीस विवाहितांना वाटून टाकले. मी विवाहित असल्यामुळे हा हिशेब मला फारसा आवडत नाही, पण खरं कारण हे की दाखल्यात तिन्ही पिकं चांगल्या जमिनीतलीच आहेत.

माझ्या त्या चार चौकोनांवर उतारा मला योहान क्रिसोस्तोमच्या प्रवचनात सापडला. चौथ्या शतकातला हा धर्मगुरू म्हणतो, खऱ्या शेतात खडकाची माती होत नाही, पण माणसाच्या बाबतीत होऊ शकते. होशेय 10:12 मध्ये पडीत जमीन नांगरण्याची हाक आहे, ती याच विचाराशी जोडून वाचा.

मग मार्क 4:26-29. हा दाखला फक्त मार्कात आहे. वहीत दोन रकाने करा. डावीकडे माणूस काय करतो: बी टाकतो, झोपतो, उठतो, शेवटी विळा घालतो. उजवीकडे बी आणि जमीन काय करतात: रुजतं, वाढतं, जमीन आपोआप पीक देते, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही, असंही वचनात आहे. मूळ ग्रीकमधला शब्द "औतोमाते", म्हणजे आपोआप. उजवा रकाना डाव्यापेक्षा जड होतो आणि तो तसाच राहू द्या. आमच्या गटात शेती केलेले एक आजोबा होते. ते म्हणाले, "वाफसा बघून पेरलं की पुढे शेतात नुसतं उभं राहून काय करणार? उकरून पाहिलं तर कोंब मोडतो." मी त्या दिवशी तयार करून आणलेलं विवेचन पिशवीतच ठेवलं. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (1 करिंथ 3:6) हेच मांडलं आहे: मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवत गेला देव.

निदणाच्या, म्हणजे गव्हात शत्रूने पेरलेल्या तणाच्या, दाखल्यात (मत्तय 13:24-30, आणि स्पष्टीकरण 36-43) एक खड्डा आहे, त्यात बहुतेक जण पडतात. पहिल्या दाखल्यात बी म्हणजे वचन. इथे चांगलं बी म्हणजे राज्याचे पुत्र आणि शेत म्हणजे जग. एका दाखल्याची किल्ली दुसऱ्याला लावू नका. पाखरांचंही तसंच: वाटेवरचं बी टिपणारी पाखरं सैतानाची खूण, पण मोहरीच्या सावलीत विसावणारी पाखरं जुन्या करारातल्या यहेज्केल 17 मधल्या गंधसरूखालच्या (देवदारासारख्या उंच झाडाखालच्या) पाखरांची आठवण देतात. निदण म्हणजे बहुधा ती गव्हासारखी दिसणारी गवताची जात, जी ओंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. तिची मुळं गव्हाच्या मुळांत गुंततात आणि दाणे बरेचदा विषारी निघतात. म्हणून मालक दासांना उपटू देत नाही. मंडळीत कोण खरा, कोण खोटा याची यादी करायला बसलेल्या माणसासमोर मी हा दाखला उघडून ठेवते आणि गप्प बसते.

योहान 12:24 स्वतंत्र दिवशी घ्या. जमिनीत पडून मरणारा गव्हाचा दाणा तिथे आधी स्वतः येशू आहे, कारण मागच्याच ओवीत तो आपली वेळ आली आहे असं म्हणतो. आपला त्याग, आपली सेवा हे सगळं नंतर, 25-26 मध्ये. हा क्रम उलटला की माणसं स्वतःला झिजवत बसतात आणि त्यालाच अध्यात्म म्हणतात.

मोहरी शेवटी. तिथे येशू मोहरीला सगळ्यात बारीक बी म्हणतो, आणि ते वाढून पाखरांना सावली देतं. "जगात मोहरीपेक्षा बारीक बी असतं" हा वाद कुणीतरी काढेलच. असतं. येशू बोलीभाषेत बोलतो आहे, वनस्पतिशास्त्र शिकवत नाही. गंमत दुसरीकडे आहे: यहेज्केलात उंच गंधसरू आहे, इथे भाजीपाल्यातलं एक झुडूप, माणसापेक्षा थोडं उंच होणारं. गटाला विचारा, देवाचं राज्य गंधसरूसारखं असतं तर तुम्हाला जास्त आवडलं असतं का? आमच्याकडे निम्मे हो म्हणाले.

मी हे चार आठवड्यांत करते: पेरणारा, आपोआप वाढणारं बी, निदण, आणि शेवटी गहू व मोहरी दोन वेगळ्या दिवशी. मोहरीचा दाखला दोन-तीन ओव्यांत संपतो, म्हणून त्या दिवशी पहिल्या आठवड्याच्या वह्या परत आणायला सांगते. गेल्या वेळी एकाने आपली वही उघडली, स्वतः काढलेले चार चौकोन पाहिले, आणि माझ्याकडे खोडरबर मागितला.