पाण्यावर जीपीएस दगा देतं? या चुका टाळा

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कयाक घेऊन जाणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हटकून असते: हातातलं जीपीएस भरवशाचं नाही. कुणाचा ट्रॅक, म्हणजे यंत्राने नोंदवलेला मार्ग, काठावरच्या द्राक्षबागेतून गेलेला असतो, कुणाचं यंत्र ऐन मध्यावर बंद पडतं, कुणी सहा किलोमीटर वल्हवतो आणि पडद्यावर आठ दिसतात. त्यातली खरोखर बिघडलेली यंत्रं फार थोडी. बाकीच्यांचं दुखणं यंत्र कुठे ठेवलं, सेल कसले घातले, कुठली सेटिंग तशीच राहिली यात असतं. दुरुस्तीला टाकायच्या किंवा नव्यावर दहा-वीस हजार घालवायच्या आधी हे तपासून घ्या.

शहानिशा पाण्यावर करू नका

पाण्यावर होडी स्वतःच हलत असते. गंगापूरला दुपारनंतर वारा सुटला की वल्हं आडवं टाकून बसलेला माणूसही सरकत जातो. पडद्यावर ताशी एक-दीड किलोमीटर वेग दिसतो आणि दोष जीपीएसच्या माथी जातो. यंत्र काठावरच्या दगडावर ठेवा. वेग शून्यावर आला तर ते खरंच सांगत होतं.

नीट पडताळणी शहरातच करता येते. गोल्फ क्लब मैदानासारख्या मोकळ्या जागी, झाडं आणि इमारतींपासून लांब, यंत्र पंधरा मिनिटं एका जागी ठेवा आणि वेपॉइंट, म्हणजे त्या जागेची खूण, नोंदवा. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी पुन्हा नोंदवा. दोन्ही खुणांत पाच-सात मीटरचं अंतर असेल तर यंत्र ठणठणीत आहे. चाळीस-पन्नास मीटरचा फरक पडत असेल तर पुढचं वाचा. पडद्यावरचा ‘±३ मी.’ हा आकडा मात्र हमी समजू नका. तो यंत्राने स्वतःच बांधलेला अंदाज असतो, खरी चूक त्याहून जास्त असू शकते.

लाइफ जॅकेटच्या खिशात यंत्र

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संदेश आपल्यापर्यंत येईतो अतिशय क्षीण झालेला असतो. पाणी हे तरंग शोषतं, आणि माणसाचं शरीर म्हणजे मुख्यतः पाणीच. छातीच्या खिशात यंत्र ठेवून पुढे वाकून वल्हवायला लागलात की अर्धं आकाश तुमच्या अंगाने झाकलं जातं. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. ते मिळतातही, पण सगळे एकाच बाजूचे, म्हणून मोजमाप बिघडतं. यंत्र खांद्यावरच्या पट्ट्याला लावा, नाहीतर समोर डेकवर बांधा. त्याच्या आणि आकाशाच्या मध्ये काही नको, एवढंच बघायचं.

यंत्र कसं धरता यानेही फरक पडतो. डोक्यावर जाडसर अँटेनाचा खुंट असलेली यंत्रं उभी धरलेली बरी, कारण त्यातली अँटेना गुंडाळीची असते. खुंट नसलेल्या, चपट्या यंत्रांत बहुधा पत्र्यासारखी सपाट अँटेना असते. ती आकाशाकडे तोंड करून आडवी ठेवायची. खुंटवालं यंत्र डेकवर आडवं बांधून ‘सिग्नल कमी येतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

रोइंगवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. केटीएचएम कॉलेजच्या बोट क्लबवर गोदावरीत सराव करणारी मुलं नाशिककरांना नवी नाहीत आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरलेला दत्तू भोकनळ याच जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा. या खेळातल्या महागड्या बोटी कार्बन फायबरच्या असतात. कार्बन फायबर वीजवाहक आहे, त्यामुळे बोटीच्या पोटातल्या कप्प्यात ठेवलेलं जीपीएस जवळजवळ आंधळं होतं. फायबरग्लासच्या किंवा प्लॅस्टिकच्या बोटीत हा त्रास नाही. एकाच क्लबमध्ये एकाचं यंत्र चालतं आणि दुसऱ्याचं तेच मॉडेल चालत नाही, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

पोहणाऱ्यांनी यंत्र मनगटावर किंवा कमरेला लावू नये. दर हाताला ते पाण्याखाली जातं आणि ट्रॅक करवतीसारखा दातेरी होतो. मागे ओढायच्या फुग्यावर, पाण्याच्या वर राहील असं बांधावं.

यंत्र भिजू नये म्हणून ज्यात ठेवतात त्या पाऊचचं प्लॅस्टिक सिग्नल अडवत नाही. पाऊचला आतून चंदेरी अस्तर असेल तर मात्र अडतो. ते अस्तर धातूचं असतं.

चालू केलं आणि निघालात

प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा नेमका तपशील दर तीस सेकंदांनी पाठवतो. तो तुकडा सलग मिळाला तरच उपग्रह हिशेबात धरला जातो. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. यंत्र सहा महिने कपाटात पडलेलं असेल किंवा कुणी अमेरिकेहून आणून हातात दिलं असेल, तर जुनी यादी निकामी झालेली असते. अशा वेळी होडी पाण्यात ढकलता ढकलता बटण दाबलं की पहिली दहा मिनिटं ट्रॅक वेडावाकडा येणारच. गाडीच्या टपावरून कयाक उतरवायच्या आधी यंत्र चालू करा, मोकळ्यावर ठेवा, मग पट्टे सोडायला लागा. काम उरकेपर्यंत ते तयार असतं.

मधल्या चहा-नाश्त्याला तासाभरासाठी बंद केलंत तर फारसं बिघडत नाही. कक्षेचा तपशील साधारण चार तास चालतो.

घड्याळातले सेल काढून घालणं

यंत्र मध्येच बंद पडलं की लोक म्हणतात, आत पाणी गेलं. दहातल्या सात वेळा कारण सेलमध्ये सापडतं, असं माझं मत आहे. भिंतीवरच्या घड्याळात चालणारे स्वस्त झिंक-कार्बन सेल थोडा थोडा प्रवाह बराच काळ देतात. जीपीएसला एकदम जास्त लागतो, तो त्यांना झेपत नाही. अल्कलाइन घ्या किंवा चांगले रिचार्जेबल.

रिचार्जेबल सेल घातलेत तर मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, निकेल-मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा. यंत्र अल्कलाइन समजून बसलं असेल तर पूर्ण भरलेला रिचार्जेबल सेलही त्याला अर्धा रिकामा वाटतो. मग चिन्ह उगाच लाल होतं, काही यंत्रं तर लवकर बंदच होतात. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी टॉर्चमधला एक आणि दुकानातला एक अशी जोडी सर्रास दिसते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा एक आकडी होतो तेव्हा पहाटे पाण्यावर जाणाऱ्यांचे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. थंडीत त्यांची ताकद घटते. सुटे सेल अंगातल्या खिशात, उबेत ठेवा.

आता हातोहात करायची एक चाचणी. चालू यंत्र तळहातावर दोन-तीनदा आपटा. बंद पडलं तर सेलच्या टोकांचा संपर्क ढिला आहे. मोटरबोटीच्या थरथराटाने किंवा लाटेवर आदळून नेमकं हेच होतं. झाकण काढा, स्प्रिंग चिमट्याने जराशी वर ओढा. टोकांवर पांढरी भुकटी दिसली तर अल्कलाइन सेल गळालेला आहे. व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात यंत्र वापरायचं नसेल तर जूनमध्येच सेल काढून ठेवा. हा एक नियम पाळला तरी निम्मी यंत्रं वाचतील.

गाडीच्या सेटिंगवर होडी

दुचाकीवर किंवा ट्रेकला वापरलेलं यंत्र तसंच पाण्यावर नेलं की गंमत होते. बऱ्याच यंत्रांत जागा जवळच्या रस्त्यावर चिकटवण्याची सोय असते. ती चालू राहिली तर तुम्ही धरणाच्या मधोमध असता आणि पडदा तुम्हाला काठावरच्या रस्त्यावर दाखवतो. तसंच मार्ग शोधण्याची सेटिंग ‘रस्त्याने’ अशी असेल तर समोरच्या काठावर जायला यंत्र धरणाला वळसा घालून येण्याचा सल्ला देईल. ती ‘सरळ रेषेत’ वर आणा. आपोआप थांबण्याची सेटिंगही बंद करा, नाहीतर हळू वल्हवताना ती मधूनमधून नोंद थांबवते.

अंतर जास्त दाखवण्याचं कारण उलटं आहे. तुम्ही थांबलेले असताना यंत्राला तुमची जागा दोन-तीन मीटर इकडे-तिकडे सरकल्यासारखी वाटते आणि तो प्रत्येक तुकडा अंतरात मिळवला जातो. फोटो काढायला, गप्पा मारायला थांबलात की नोंद हाताने थांबवा. क्षणाचा वेग मात्र बहुतेक यंत्रं तरंगांच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून काढतात, म्हणून तो अंतरापेक्षा जास्त विश्वासाचा. सराव करणाऱ्यांनी दर सेकंदाची नोंद निवडावी. ५०० मीटरला दोन मिनिटं म्हणजे ताशी १५ किलोमीटर. या वेगात पाच-दहा सेकंदांनी एक बिंदू घेतला तर वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं.

अंश-मिनिटांचा घोळ जास्त धोक्याचा. मित्राने जागा कळवली २०° ०१.८००′ आणि तुम्ही ती २०.०१८° म्हणून भरलीत, तर खरी जागा २०.०३०° वर असते, कारण १.८ मिनिटांना साठने भागायचं असतं. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त चुकलात. अंधार पडताना बॅकवॉटरवर सव्वा किलोमीटर म्हणजे चुकीची खाडी. गटाने निघताना सगळ्यांची यंत्रं एकाच पद्धतीवर आहेत ना, ते काठावरच बघा. सेकंदांच्या जागी साठपेक्षा मोठा आकडा दिसला तर पद्धत चुकलीच समजा.

जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशापत्रकावरून, आकडे घेणाऱ्यांनी डेटम बघावा. अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजलेत तो डेटम. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रकं एव्हरेस्ट डेटमवर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. आपल्या भागात दोन्हींत शंभरेक मीटरचा फरक पडतो.

होकायंत्राचं थोडक्यात. सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक, स्पीकर, जॅकेटचा चुंबकी बंद यांपासून यंत्र लांब ठेवा. नाशिकमध्ये खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. त्यामुळे दिशा वीस अंशांनी चुकत असेल तर कारण जवळपासच आहे. आणि ज्या यंत्रांत होकायंत्रच नाही, ती थांबल्यावर दिशा सांगूच शकत नाहीत. चार वल्ही मारा, मग बघा.

पाणी खाली गेलं, नकाशा तिथेच राहिला

हा खास आपल्याकडचा प्रकार. गंगापूर, काश्यपी, मुकणे, दारणा, भावली, कुठलंही धरण घ्या, नकाशावरचा काठ एकाच कुठल्यातरी पातळीचा असतो, बहुधा भरलेल्या धरणाचा. मे महिन्यात पाणी कितीतरी आत सरकतं. तुम्ही वाळलेल्या गाळावर उभे असता आणि पडद्यावर तुमच्या पायाखाली निळं पाणी असतं. यंत्र बरोबर आहे, नकाशा त्या दिवशीचा नाही. उलट टोकाला, उन्हाळ्यात नोंदवलेला उतरायचा वेपॉइंट सप्टेंबरात पाण्याखाली असतो. आपले वेपॉइंट महिना लिहून जपा.

याच जातीची दुसरी तक्रार म्हणजे सपाट पाण्यावर साठ-सत्तर मीटरची चढण. जीपीएसची उंची नेहमीच जागेपेक्षा ढोबळ असते. हवेच्या दाबावर उंची मोजणाऱ्या यंत्राच्या छिद्रात पाण्याचा थेंब अडकला तरी आकडे नाचतात. फुंकर मारा, वाळवा, नाहीतर त्या आकड्याकडे दुर्लक्ष करा.

ढगांना दोष देऊ नका

पावसाळी ढगांचा जीपीएसवर लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही. ओल्या झाडीचा होतो, म्हणून गोदावरीच्या झाडीच्या काठालगत आणि पुलांखाली ट्रॅक भरकटतो. भावलीसारख्या डोंगरकुशीतल्या पाण्यावर कड्यांवरून परावर्तित झालेले तरंग फसवतात. अशा ठिकाणी जीपीएसबरोबर युरोपची गॅलिलिओ आणि रशियाची ग्लोनास या उपग्रहमालाही चालू ठेवा. सेल थोडे जास्त खर्च होतील, पण फरक दिसेल. यंत्र ‘गगन’ ही भारतीय सुधारणा-सेवा घेत असेल तर तीही चालू करा. ती बऱ्याच मेनूंत वास-एग्नॉस या अमेरिकेच्या आणि युरोपच्या तशाच सेवांच्या नावाखाली दडलेली असते.

एक मात्र यंत्राच्या हातात नसतं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतरचे काही तास आपल्या अक्षांशांवर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात खळबळ होते आणि सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत ती वाढते. सकाळी उत्तम चालणारं यंत्र संध्याकाळी सातनंतर अडखळलं तर लगेच सर्व्हिस सेंटर गाठू नका.

‘वॉटरप्रूफ लिहिलंय की!’

यंत्रावर लिहिलेला आयपीएक्स ७ हा पाणी रोखण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास. वेगाने आदळणाऱ्या पाण्याची हमी त्यात येत नाही. केबल लावायच्या छिद्रावरचं रबरी झाकण नीट दाबलेलं नसेल तर अर्ध्या तासाची हमीही उरत नाही. काही जुन्या यंत्रांत सेलच्या कप्प्यात पाणी शिरू शकतं, आतला भाग तेवढा कोरडा राहतो. म्हणून घरी आल्यावर झाकण उघडा, सेल काढा, पुसा.

काचेच्या आत वाफ धरली तर आधी सेल काढा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात किंवा शेगडीजवळ यंत्र तापवू नका, डिंक सुटतो. तांदळाच्या डब्यातही नको, पीठ आणि कण छिद्रांत जातात. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून ठेवा आणि त्यांच्यासोबत यंत्र बंद डब्यात दोन दिवस राहू द्या.

जुनं यंत्र विकत घेताना तारीख बघा. जीपीएसची आठवडामोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. शेवटची वेळ ६ एप्रिल २०१९ च्या रात्री होती. फर्मवेअर, म्हणजे यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत नसलेली काही यंत्रं त्यानंतर वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतात. जागा बहुतेकदा बरोबर असते, पण ट्रॅकची नोंद निरुपयोगी होते. आणि नातेवाइकांनी परदेशातून पाठवलेलं यंत्र उपग्रहावरून संदेशही पाठवणारं असेल तर थांबा. अशी उपकरणं भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, विमानतळावर त्यापायी लोक अडकलेले आहेत.

एवढं करूनही यंत्र मैदानावर चाळीस मीटर चुकत असेल तर अँटेना किंवा आतला जोड गेला, दुरुस्तीला द्या. खोलून जोडलेल्या यंत्राचं रबरी सील पूर्वीसारखं बसलं असं धरू नका. तिथून पुढे ते पाऊचमध्ये, तरंगणाऱ्या दोरीला बांधूनच न्या.