धनुष्य धरताना आणि प्रार्थना करताना या चुका टाळा

२०२३ ला साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेव्हापासून कोल्हापुरात आमच्या ग्राउंडवर आईबाप पोरांना घेऊन यायला लागलेत आणि पहिला प्रश्न एकच, "मॅडम, किती महिन्यात मेडल?" मी आठवड्याचे पाच दिवस सकाळी या पोरांबरोबर उभी असते आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घेते, तिथंही प्रश्न तोच असतो, फक्त मेडलच्या जागी नोकरी, लग्न, व्हिसा. दोन्हीकडं चुका पण त्याच, आणि त्या बघून बघून आता लिहायचंच ठरवलं.

नव्या करारात पापासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, हामार्तिया, त्याचा जुना अर्थच नेम चुकणं. जुन्या करारातही तसंच. शास्ते २०:१६ मध्ये बन्यामिनाच्या वंशातले ७०० डावखुरे येतात, गोफणीनं केसावर धोंडा मारला तरी न चुकणारे, तिथं "चुकणं" साठी जे हिब्रू क्रियापद आहे तेच इतर ठिकाणी पाप करणं म्हणून येतं. हे मला धनुष्य हातात घेतल्यावर कळलं, तोवर पाप म्हणजे फक्त नियम मोडणं असंच डोक्यात होतं. नेम चुकलेला माणूस बऱ्याचदा पूर्ण ताकद लावून, मनापासूनच चुकलेला असतो, आणि म्हणूनच त्याला नुसतं रागावून काही होत नाही, तो उभा कसा राहतोय तिथपासून बघावं लागतं.

पहिली चूक, झेपत नाही तेवढं धनुष्य उचलणं. दोनतीन वर्षांपूर्वी एक पोरगा आला, तालमीत वाढलेला, दंड असे की टी-शर्टची बाही वर चढायची. त्याला २४ पाउंडाचं धनुष्य दिलं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, तर म्हणाला हे लहान पोरांचं आहे, आणि आठवड्यात कुणाकडनं तरी ४० पाउंडाचे लिम्ब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन पात्या, घेऊन आला. मी नको म्हटलं, वडील म्हणाले ओढू दे की, ताकद आहे त्याच्यात. ताकद होतीच, पण धनुष्य ओढायला पाठीचे जे स्नायू लागतात ते जोर-बैठकांनी तसे तयार होत नाहीत, आणि ओढण्यापेक्षा ओढून थांबणं अवघड असतं. सहा बाण झाले की त्याचा हात थरथरायचा, खांदा कानाला लागायचा, बोटं हनुवटीखाली टेकायच्या आधीच दोरी सुटायची. दीड महिन्यात खांदा दुखावला आणि पोरगा गेला तो गेलाच. मला अजून वाईट वाटतं त्याचं. मी त्याला एकदा विचारलं होतं, वस्तादानं तुला पहिल्या दिवशी डाव शिकवला का? नाही म्हणाला, माती उकरायला लावली. मग तिथं महिनाभर माती उकरलीस आणि इथं आठवडाभर धीर नाही?

आता हाच पोरगा मला चर्चमध्ये दर वर्षी दिसतो, फक्त चेहरा वेगळा. कन्व्हेन्शन, म्हणजे चर्चचा मोठा मेळावा झाला, मन पेटलं, उद्यापासून पहाटे ४ ला उठणार, रोज दहा अध्याय, ४० दिवस उपवास, असं सगळ्यांसमोर उठून सांगतात आणि तिसऱ्या आठवड्यात जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा बंद झालेली असते, वर मंडळीत तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून येणंही कमी होतं. येशूनं ४० दिवस उपवास केला हे खरं, पण त्याआधी तीसएक वर्षं तो नाझरेथात कुणाला न दिसता जगत होता, ते कुणी मोजत नाही. माझा नियम साधा आहे: ३० बाण खांदा न हलता गेले की मगच पाउंड वाढवायचे, तेही दोनदोन. आणि नवीन माणसाला मी स्तोत्र ११७ देते. दोनच ओव्या आहेत. महिनाभर रोज तेवढंच वाच, दूध तापवताना वाच, पण रोज. हे सांगितलं की लोकांना अपमान झाल्यासारखा वाटतो, पण जे ऐकतात ते टिकलेले मी बघितलेत.

महागडं सामान आधी घेणं. स्तोत्र ७८:९ बघा, एफ्राइमाचे लोक धनुष्यं घेऊन सज्ज होते आणि लढाईच्या दिवशी पाठ फिरवली. घरात पाच बायबल आणि एकाच्याही पानाला घडी नाही, तर सहावं घेऊ नका.

बाण न लावता दोरी ओढून सोडणं, हे तर कधीच नाही. बाणात जायची ती सगळी ताकद लिम्बमध्येच बसते आणि लिम्ब तडकतो.

पायात अडकवून दोरी चढवायची नाही, स्ट्रिंगर, म्हणजे त्यासाठीची वेगळी दोरी, वापरा. घाईनं पायावर वाकवलेल्या धनुष्याला पीळ बसतो आणि मग नेम बरोबर धरला तरी बाण भलतीकडं जातो. होशेय ७:१६ मध्ये लोकांना फसव्या धनुष्याची उपमा दिलीय ती मला असं एक पिळलेलं धनुष्य चालवल्यावर समजली, बाहेरून बघितलं तर त्यात काही वावगं दिसत नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, बाण कुठं लागला ते बघायला मान वर करणं. दोरी बोटातनं सुटली म्हणजे बाण गेला असं नसतं, दोरी पुढं जाऊन थांबेपर्यंत बाण धनुष्यावरच असतो, अगदी क्षणभर, पण तेवढ्यात तुम्ही डोकं हलवलं, धनुष्याचा हात खाली आणला तर बाण खाली जाणारच. बघण्याच्या घाईनंच जे बघायचं ते बिघडतं. मी स्वतः दोन वर्षं हेच करत होते. १८ मीटरला ४० सेंटीमीटरचं टार्गेट, त्यातला दहाचा गोल ४ सेंटीमीटरचा, म्हणजे लिंबाएवढा, आणि माझे बाण रोज खाली. मी रोज साईट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, फिरवायची. शेवटी सरांनी टार्गेटचा कागदच काढला आणि मला कोऱ्या बटासमोर, म्हणजे बाण रुततात त्या जाड फळीसमोर, ५ मीटरवर उभं केलं, डोळे मिटून मार म्हणाले. तीन आठवडे. नेम नाही, मार्क नाहीत, बाण कुठं लागला हे विचारायचं पण नाही. मला फार राग आला होता, एवढं घरचं आवरून मी यायचे ते यासाठी का असं वाटायचं.

त्याच वर्षी माझा भाऊ माझ्याशी बोलायचा थांबला होता. शेतीच्या वाटणीवरनं सुरू झालं होतं. मी रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि आमेन म्हणून डोळे उघडले की पहिला हात फोनवर, मेसेज आला का, ऑनलाईन आहे का, माझा मेसेज बघितला का. सकाळी उठल्यावर परत तेच. आणि काही नसलं की दुसऱ्या रात्रीची प्रार्थना तक्रारीनं सुरू. कोऱ्या बटासमोर डोळे मिटून उभी असताना एक दिवस हे लक्षात आलं आणि मी धनुष्य खाली ठेवून तिथंच बसले. मी प्रार्थना करतच नव्हते, मी मान वर करून बघत होते.

२ राजे १३ मध्ये आजारी पडलेला संदेष्टा अलीशा योआश राजाला धनुष्य धरायला लावतो आणि आपले हात राजाच्या हातांवर ठेवतो. आम्ही नवीन पोरांना अगदी असंच शिकवतो, मागं उभं राहून हातावर हात ठेवून, म्हणून ती ओवी वाचताना मला त्या हातांचा भार जाणवतो. मग अलीशा म्हणतो बाण घे आणि जमिनीवर मार. राजा तीनदा मारतो आणि थांबतो, आणि म्हातारा संदेष्टा चिडतो, पाचसहा वेळा मारायचं होतंस. मला वाटतं योआश प्रत्येक वेळी अलीशाच्या तोंडाकडं बघत असावा, झालं का, पुरे का.

तेव्हापासनं माझी सवय अशी: बाण बटात रुतल्याचा आवाज येईपर्यंत हात खाली नाही. आणि आमेन म्हटल्यावर कुकरची एक शिट्टी होईल एवढा वेळ तशीच बसून राहते, फोन स्वयंपाकघरात डब्यांच्या मागं.

शेवटची चूक, बाण न शोधता घरी जाणं. रेंजवर तीन शिट्ट्या झाल्या की बाण आणायला पुढं जायचं, त्याआधी नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण बटात लागलेले तेवढे उपसतात आणि गवतात गेलेला सोडून देतात, क्लासला उशीर होतोय म्हणून. तो बाण गवताखाली आडवा घुसलेला असतो, दिसत नाही, आणि पुढं कधीतरी कुणाच्या पायात जातो, नाहीतर चरायला आलेल्या म्हशीच्या. माझ्या ग्राउंडवर बाण मोजल्याशिवाय कुणी घरी जात नाही, अंधार पडला तरी.

स्तोत्र ६४:३ मध्ये कडू शब्दांना बाण म्हटलंय. आईला माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर मी भावाला म्हटलं होतं, तू जिवंतपणी किती वेळा बघायला आलास तिला? वाटणीच्या आधीचा हा शब्द होता आणि मी तो विसरूनही गेले होते, प्रार्थनेत त्याचं मन मऊ कर एवढंच मागत होते. फोन लपवून गप्प बसायला लागल्यावर काही महिन्यांनी तो आठवला. मग एका शनिवारी गगनबावड्याच्या एसटीत बसून गावी गेले, कुणाला न सांगता. वहिनीनं चहा ठेवला, दोघीही फार बोललो नाही. भाऊ उसाला पाणी पाजून आला, दारात पाय धुतले, मला बघून तसाच उभा राहिला. मी जे म्हणायचं होतं ते म्हटलं, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. तो बराच वेळ टॉवेलनं हात पुसत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, ते धनुष्य अजून चालवतीस काय?"