नांदूर मध्यमेश्वरला पाणपक्षी मोजायचे कसे?

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावर बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला आणि त्या उथळ, गवताळ पाण्यावर पक्षी उतरू लागले. रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली ही राज्यातली पहिलीच जागा (जानेवारी २०२०). इथे पक्षी दिसायला वेळ लागत नाही, मोजताना मात्र भलेभले चुकतात.

डिसेंबर-जानेवारीत, उजाडताच चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचा. ८×४२ ची दुर्बीण पुरते, लांबच्या बदकांसाठी तिपाईवरचा स्कोप हवाच. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा. उन्हासमोर पाहिलं तर थापट्या बदकाच्या नराचं हिरवं डोकंही काळंच दिसतं.

आधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि खुणेची झाडं, गवताची बेटं धरून पाण्याचे तुकडे पाडा. मग डावीकडून उजवीकडे सरका. पन्नासपर्यंतचा थवा एकेक करून मोजा. मोठ्या थव्यात दहा पक्षी मोजून ते केवढी जागा व्यापतात ते नजरेत पक्कं बसवा आणि तसे किती गट मावतात ते पाहा. मात्र हे माप थव्याच्या विरळ कडेवर घेतलं, तर मधल्या दाटीमुळे आकडा हमखास कमी येतो. म्हणून कडेचं माप वेगळं, मधलं वेगळं.

सगळ्यात जास्त फसवतात ते वारकरी पक्षी (कूट). काळं अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा. बुडी मारून भलतीकडेच वर येतात. एकाच तुकड्यावरून तीनदा नजर फिरवा आणि मोठा आकडा धरा, कारण प्रत्येक वेळी काही जण पाण्याखाली असतातच. तलवार बदकं डोकं पाण्यात खुपसून चरतात, तेव्हा नुसत्या शेपट्या वर दिसतात. त्याही मोजायच्या. जांभळी पाणकोंबडी पायाच्या बोटांत देठ धरून सावकाश खात गवतातच बसते. ती बाहेर येईल म्हणून थांबू नका, दिसल्या तेवढ्याच लिहा.

मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी खालून घिरटी घालत आला की पाण्यावरचे सगळे पक्षी उडतात. अशा वेळी मोजणी थांबवा. थवे बसले की तो तुकडा पहिल्यापासून घ्या. अर्धवट आकड्याला नंतरचे जोडले की तेच पक्षी दोनदा मोजले जातात.

बदकांच्या माद्या बहुतेक तपकिरीच. चोचीचा आकार, भुवईची रेघ पाहूनही खात्री नसेल तर सरळ ‘अनोळखी बदक’ लिहा. अंदाजाने नाव ठोकून दिलं की पुढे तुलना करणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते, आणि ती चूक शोधूनही सापडत नाही.

वहीत वेळ, जागा आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘मोजला’ की ‘अंदाज’ हे हवंच. त्याबरोबर पाण्याची पातळीही नोंदवा. दारणा-गंगापूर धरणांतून आवर्तन (सिंचनाचं पाणी) सुटलं की इथलं पाणी चढतं, उघडा चिखल बुडतो आणि तुतवारांसारखे चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडे जातात. पातळीची नोंद नसेल, तर ती घट पक्ष्यांची समजली जाते.