दुकानाची पाटी, पाकिटावरचा लोगो आणि गूगलवरचे तारे: या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

छोट्या व्यावसायिकाचा लोगोसाठी पहिला फोन येतो तो साधारण असा: “बोर्ड परवा लावायचाय, लोगो उद्यापर्यंत द्या.” अशा वेळी लगेच कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडून बसू नका. आधी नाव बघा. नाव चुकीचं असेल तर त्यावरचा सुंदर लोगो दोन वर्षांनी बदलावा लागतो. तोवर पाटी, पाकिटं, बिलबुकं आणि गूगलवरची परीक्षणं सगळं जुन्या नावावर जमा झालेलं असतं.

समजा, काम मसाले आणि लोणची करणाऱ्या एखाद्या गृहउद्योगाचं आहे आणि मालकीणबाईंनी नाव ठरवलंय ‘कोल्हापुरी मसाले’. ऐकायला छान, पण ट्रेड मार्क्स कायदा 1999 च्या कलम 9 मध्ये ते अडकतं. मालाचा प्रकार, त्याचा गुण किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगणाऱ्या शब्दांवर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. ‘घरगुती’, ‘शुद्ध’, ‘चविष्ट’ यांचंही तेच. देवादिकांच्या नावांची अडचण वेगळी आहे. ती आधीच इतक्या जणांनी घेतलेली असतात की कलम 11, म्हणजे आधीच्या चिन्हाशी साम्य, आडवं येतं. ट्रेडमार्कची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, म्हणजे आयपी इंडियाच्या, संकेतस्थळावर शोध मोफत करता येतो. नोंदणीसाठी मालाचे वर्ग ठरलेले आहेत: मसाले आणि चटण्या वर्ग 30 मध्ये, लोणची वर्ग 29 मध्ये, त्यामुळे दोन्हीकडे शोधा. स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा, अशी नावंही पाहा, कारण हरकत उच्चारावरूनही घेतली जाते.

ट्रेडमार्क नोंदणीच्या ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी 4500 रुपये आहे, इतरांसाठी 9000. लघुउद्योगाची सवलत हवी असेल तर उद्यम प्रमाणपत्र काढून ठेवायला सांगा. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी शब्दाचा अर्ज करावा, चित्राचा नंतर, कारण लोगो पुढे बदलू शकतो, नाव बदलायचं नसतं. लोगोचा अर्ज करताना तो काळ्या-पांढऱ्यात दिलेला बरा. रंगाची मर्यादा घातली नाही तर नोंदणी सगळ्या रंगांना लागू होते. अर्ज केला की नावापुढे ‘टीएम’ लावायला हरकत नाही. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच. नोंदणीआधी तो छापणं बेकायदा आहे, आणि तरीही बाजारात तो सर्रास दिसतो. प्रिंटरकडच्या जुन्या फाइलवर नवं नाव चढवताना तो तसाच राहून गेलेला असतो.

नाव पक्कं झालं की लिपी. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर मराठी नाव देवनागरीत हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. कामगार दहापेक्षा कमी असले तरी हे लागू आहे. नवे डिझायनर हमखास उलटं करतात: इंग्रजी लोगो जीव ओतून काढतात आणि मग त्याखाली एखाद्या फॉन्टमध्ये मराठी नाव टाइप करून देतात. दोन्ही अक्षरं एका घरची वाटत नाहीत. देवनागरी आधी काढा आणि रोमन तिच्या जाडीला, गोलाईला जुळवून घ्या. उलटं करणं अवघड आहे, कारण शिरोरेषा ही देवनागरीतली सगळ्यात ठळक गोष्ट आणि रोमनमध्ये तिला जोडच नाही.

देवनागरी लोगो नेमका कुठे बिघडतो ते एका शब्दावर पाहू. ‘चैतन्य’ घ्या. ‘च’वर दोन मात्रा आहेत. स्क्रीनवर शब्द हातभर मोठा असताना त्या दोन मात्रांमधली फट स्वच्छ दिसते. तोच शब्द 100 ग्रॅमच्या पाकिटावरच्या स्टिकरवर 30 मिलिमीटर रुंदीत आला की फट केसाएवढी उरते, शाई पसरते आणि दोन मात्रांची एक होते. ‘चैतन्य’चं ‘चेतन्य’ वाचलं जातं. जाड वजनाच्या फॉन्टमध्ये ‘न्य’मधला अर्धा ‘न’ही शिरोरेषेखाली गुदमरतो. उपाय सोपा आहे, पण हाताने करावा लागतो: मात्रा थोड्या लांब ओढून त्यांच्यातला कोन उघडायचा, शिरोरेषा उभ्या दांड्यापेक्षा किंचित बारीक ठेवायची आणि अर्ध्या अक्षराभोवतीची पोकळी वाढवायची. लहान आकारासाठी अशी वेगळी आवृत्ती काढून ठेवली तर फारच उत्तम. छापायच्या आधी कागदावर 30 आणि 15 मिलिमीटर रुंदीत साध्या प्रिंटरवर काढा आणि चष्मा लावणाऱ्या कुणालातरी हातभर अंतरावरून वाचायला द्या.

फॉन्टबद्दल दोन गोष्टी. मुक्ता, बालू यांसारखे ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात, व्यावसायिक लोगोत चालतात. ‘फ्री डाउनलोड’च्या साइटवरून उचललेला फॉन्ट चालेलच असं नाही, त्याचा परवाना वाचा. दुसरं, प्रिंटरला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे मजकुराचे आकार करूनच, द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हं होतो. युनिकोड असला तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हिंग’मधली वेलांटी ‘ह’च्या पुढे येऊन ‘ग’ला चिकटते. पाच हजार स्टिकर छापून झाल्यावर ते कळतं आणि मग चूक कुणाची यावर वाद होतो. प्रिंटर जुनं कोरल वापरत असेल तर त्याची आवृत्ती विचारून त्याच आवृत्तीत सेव्ह करून द्या, सोबत पीडीएफही.

रंगांचा घोळ स्क्रीन आणि छपाई यांत होतो. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी किंवा पोपटी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंमध्ये, उतरतच नाही, मळका येतो. म्हणून रंग आधी सीएमवायकेमध्ये ठरवा, मग त्याचा आरजीबी, म्हणजे स्क्रीनचा रंग, काढा. हळदीचा पिवळा मसाल्याला शोभतो खरा, पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दहा फुटांवरून वाचता येत नाहीत. क्राफ्ट पेपरच्या पाउचवर खाली पांढरी शाई नसेल तर सगळेच रंग खाकी होतात. लहान अक्षरं निव्वळ काळ्या प्लेटमध्ये ठेवा. चार रंगांचा मिळून केलेला काळा जरा हलला की अक्षरांना रंगीत सावली पडते. रोटो छपाईच्या पाकिटाला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो आणि माल मोठ्या प्रमाणात काढावा लागतो. नव्या उद्योगाने सुरुवातीला साधं पाउच आणि वर स्टिकर यावरच राहावं, म्हणजे पत्ता किंवा फोन बदलला तर पाकिटं वाया जात नाहीत.

सगळ्यात कडक परीक्षा बिलाच्या प्रिंटरची. 58 मिलिमीटर रोलच्या थर्मल प्रिंटरवर आडवे साधारण 384 ठिपके मिळतात आणि रंग एकच, काळा. ग्रेडियंट, सावली, बारीक पानाफुलांची नक्षी यांचा तिथे काळा डाग होतो. रबरी शिक्का आणि टी-शर्टवरची भरतकामाची मशिनही असलीच निर्दय. म्हणून पहिलं डिझाइन एकाच रंगात पास करून घ्या. क्लायंटला रंगीत नमुना आधी दाखवला तर तो रंगावरच बोलत बसतो, आकाराकडे कुणी बघत नाही.

आकार ठरवताना तो लोकांना कसा दिसेल हेही बाहेरच्या दोन-चार जणांना विचारा. मिंत्रासारख्या मोठ्या कंपनीला लोगो स्त्रियांसाठी अपमानास्पद दिसतो अशा मुंबईत झालेल्या तक्रारीनंतर जानेवारी 2021 मध्ये आपला लोगो बदलायचं जाहीर करावं लागलं. लोगो वर्षानुवर्षं वापरात होता. आक्षेप पटो न पटो, पाकिटापासून ॲपपर्यंत सगळीकडे बदल करायचा खर्च खराच असतो.

आता गूगल. लोगो आणि ऑनलाइन नाव ही दोन वेगवेगळी कामं आहेत असं समजून बरेच डिझायनर फाइल देऊन मोकळे होतात. दुकानात पाऊल टाकण्याआधी गिऱ्हाईक मॅपवर लोगोचा छोटा चौकोन, तारे आणि वरची दोन-तीन परीक्षणं एकत्रच बघतं. त्यामुळे हे काम सोबत घ्या, पैसेही वेगळे लावा.

बिझनेस प्रोफाइल मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा आणि तुम्ही त्यात मॅनेजर व्हा. पडताळणीसाठी हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता आणि शेजारची दुकानं, दुकानाची पाटी आणि आत मालकालाच करता येईल अशी एखादी गोष्ट, जसं कुलूप उघडणं, एकाच सलग चित्रणात दाखवायची. पाटीवर एक नाव आणि प्रोफाइलवर दुसरं असेल तर पडताळणी इथेच अडते. ‘चैतन्य मसाले’ या नावापुढे ‘बेस्ट गरम मसाला शॉप इन सांगली’ जोडायचा मोह टाळा. ते नियमाविरुद्ध आहे आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. लोगो 720 बाय 720 पिक्सेलचा चौकोनी द्या. बऱ्याच ठिकाणी तो गोलात कापला जातो, म्हणून चारी कोपरे रिकामे ठेवा. पिन दुकानाच्या दारावर आहे ना, हे जागेवर उभं राहून बघा, मागच्या बोळात असली तर माणसं फिरून वैतागतात. साप्ताहिक सुट्टी आणि दिवाळीच्या वेळा भरा. ‘लांबून आलो, बंद होतं’ या कारणाने मिळणारा एक तारा चवीशी काही संबंध नसताना मिळतो आणि तो टाळणं सगळ्यात सोपं. जस्टडायल, इंडियामार्टवर पूर्वी कुणीतरी टाकलेली नोंद असेल, तर तिथला जुना फोन नंबरही बदला.

ताऱ्यांचं गणित मालकाला एकदा कागदावर मांडून दाखवा. दहा परीक्षणं, सगळी पाच ताऱ्यांची, आणि त्यात एक तारा पडला तर सरासरी 4.6 वर येते. शंभर असतील तर तोच एक तारा ती 4.96 वर आणतो, म्हणजे जवळपास काहीच होत नाही. उलट बाजूने, 40 परीक्षणांवर 4.1 असेल आणि 4.5 हवी असेल, तर एकही कमी न पडता सलग 32 वेळा पाच तारे लागतील. हे समजल्यावर मालक ‘दोनशे रिव्ह्यू विकत घेऊ’ असं म्हणतात. तिथे ठाम नाही म्हणा. पैसे किंवा सवलत देऊन घेतलेली परीक्षणं गूगलच्या नियमांत बसत नाहीत. एकाच दिवशी ढीगभर आली तर गाळली जातात आणि त्यांच्याबरोबर कधी खरीही जातात. फक्त खूश गिऱ्हाइकांनाच लिंक पाठवायची आणि नाराजांना नाही, हेही चालत नाही. बिलाखाली क्यूआर छापा आणि गल्ल्यावरच्या माणसाला सगळ्यांनाच ‘कसं वाटलं ते लिहा’ एवढंच म्हणायला सांगा. आठवड्याला दोन-तीन आली तरी पुरे.

वाईट परीक्षणाला उत्तर लिहिणं हे कौशल्याचं काम आहे. कुणीतरी लिहितं: ‘लोणच्याला पंधरा दिवसांत बुरशी. पैसे वाया.’ मालकाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘ओला चमचा तुम्हीच घातला असेल.’ शक्यता आहे, पण ते लिहायचं नाही. साधारण असं लिहा:

‘नमस्कार. आमच्या बरणीला बुरशी आली याबद्दल वाईट वाटतं. झाकणावरचा बॅच क्रमांक दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलात तर त्या बॅचच्या उरलेल्या बरण्याही तपासता येतील. बरणी बदलून देऊ किंवा पैसे परत, तुम्ही म्हणाल तसं.’

यात माफीचा पाल्हाळ नाही, गिऱ्हाइकाचं नाव-गाव किंवा फोन नाही, आणि काय करणार ते स्पष्ट आहे. उत्तर एक-दोन दिवसांत गेलं पाहिजे. ते तक्रार करणाऱ्यापेक्षा नंतर वाचणाऱ्यांसाठी जास्त असतं. परीक्षण खोटं असेल, दुसऱ्याच दुकानाचं असेल किंवा शिवीगाळ असेल तरच ते काढायची विनंती करा. ‘आवडलं नाही’ म्हणून गूगल काहीही काढत नाही.

बुरशीची तक्रार तीन वेगळ्या लोकांनी केली तर मात्र उत्तरं लिहिणं थांबवून लेबल उघडा. ‘कोरडा चमचा वापरा, तेलाचा थर वर राहू द्या’ ही ओळ मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दडली असेल तर ती झाकणावर आणा. बॅच क्रमांक शाईच्या शिक्क्याने पुसट येत असेल तर त्यासाठी लेबलवर पांढरी मोकळी चौकट ठेवा. लोगो काढणाऱ्यानेच परीक्षणं वाचली तर हे लगेच होतं, दोन वेगळ्या माणसांकडे कामं असली की कुणीच करत नाही.

शिक्षणाबद्दल थोडंच. सर जे. जे. उपयोजित कला संस्था किंवा पुण्यातलं अभिनव कला महाविद्यालय यांसारख्या ठिकाणची पदवी अक्षरांची नजर देते, पण पदवी नसलेले कितीतरी जण हे काम उत्तम करतात. प्रिंटरच्या दुकानात महिनाभर बसणं मात्र टाळू नका.

पैसे आणि हक्क आधी लिहून ठरवा. दोन किंवा तीन नमुने, दोन फेऱ्या दुरुस्त्या, निम्मे पैसे आगाऊ. त्यापुढची प्रत्येक फेरी वेगळ्या दराने, नाहीतर ‘जरा अजून डावीकडे’ महिनाभर चालतं. कॉपीराइट कायदा 1957 नुसार बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा पहिला मालक सहसा डिझायनरच असतो. क्लायंटकडे हक्क जायला सही केलेला लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द घाला, विशेषतः माल दुबईला किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांमार्फत जायचा असेल तर. कॅनव्हासारख्या ठिकाणचं तयार चित्र लोगोत वापरू नका. ते हजारोंना उपलब्ध असतं, त्यावर एकट्याचा ट्रेडमार्क टिकत नाही.

शेवटच्या हप्त्याबरोबर द्यायच्या गोष्टी: व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फाटणारी) पीडीएफ आणि एसव्हीजी, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एकरंगी काळी आणि उलटी पांढरी आवृत्ती, लहान आकाराची वेगळी आवृत्ती, रंगांचे सीएमवायके आणि आरजीबी आकडे, फॉन्टचं नाव. हे सगळं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबून त्याची वाट लागते. ड्राइव्हची लिंक द्या. प्रोफाइल चुकून तुमच्या खात्यावर उघडलं गेलं असेल तर मालकाला जोडल्यानंतर मुख्य मालकी त्याच्याकडे द्यायला सात दिवस थांबावं लागतं, म्हणून त्याला शेवटच्या बिलाच्या आदल्या आठवड्यातच जोडून घ्या.